चार अंड्यांभोवतीची पांढरी रेघ

हैदराबादला आठ दिवस राहून मी चारमिनार पाहिला नाही, बिर्याणी खाल्ली नाही आणि मोत्याचा एक दाणाही आणला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण परत आल्यापासून गल्लीतल्या प्रत्येकीनं याच तीन गोष्टी विचारल्यात आणि माझं उत्तर ऐकून "मग गेलात तरी कशाला?" असं तोंड केलंय. कशाला गेले होते आणि तिथं काय करून बसले, ते आता नीट लिहूनच काढते.

आमच्या सेलूच्या बाहेर एक पाझर तलाव आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी सकाळी तिकडे फिरायला जाऊ लागले आणि बघता बघता रविवारी गल्लीतली पोरंही मागे यायला लागली. "बाई, तो कोणता पक्षी?" असं विचारायची. बत्तीस वर्षं वर्गापुढे उभ्या राहिलेल्या बाईच्या तोंडून "माहीत नाही" हे शब्द निघत नाहीत. काळा दिसला की पाणकावळा, पांढरा दिसला की बगळा, असं मी ठोकून देत होते. एका रविवारी शेजारची साक्षी पुस्तक घेऊन आली आणि बोट ठेवून म्हणाली, "बाई, हा बगळा नाही. शराटी आहे. चोच वाकडी आहे बघा." सगळ्या पोरांसमोर मी अशी कानकोंडी झाले की काय सांगू.

त्याच आठवड्यात सुशीलाचा फोन आला. सुशीला आणि मी डी.एड.ला एका खोलीत राहायचो. तिचं सासर मूळचं नांदेडकडचं, बौद्ध, आता तीन पिढ्या हैदराबादेत, रेल्वेच्या नोकरीवर. तिला हा किस्सा सांगितला तर पोट धरून हसली आणि म्हणाली, "अगं, मग इथं ये की. शहराबाहेरच्या तळ्यावर गाईड लोकांचं ट्रेनिंग हाय. फुकट. आठ दिवसांचं. आमची पल्लवी तुझं फॉर्म भरती." पल्लवी म्हणजे तिची नात. तिनं फॉर्म भरला आणि माझं नाव लागलं. शेवटच्या दिवशी पाहुण्यांना अर्धा तास तळं फिरवून दाखवायचं, पसंत पडलात तर पत्र्याचा एक बिल्ला मिळणार: स्वयंसेवी निसर्ग मार्गदर्शक.

तो बिल्ला मला हवा होता. साक्षीपुढे जाताना छातीवर हवा होता, हेही लपवत नाही.

आमचे हे म्हणाले, "मार्गदर्शक? बाजारातून येताना स्वतःची गल्ली चुकतेस तू."

तारनाका

२०१४ चा मे महिना. सिकंदराबादला सकाळी उतरले तेव्हा सूर्य आधीच डोक्यावर बसल्यासारखा. तारनाक्याला सुशीलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात पाय ठेवला तर ती दारातच ओरडली, "क्या गे कुसुम, किती सुकलीस. बैठ आधी. चाय पी, मग अंघोळीचं बघ." चाळीस वर्षांत तिच्या मराठीला हैदराबादी फोडणी चांगलीच बसली आहे. पल्लवी तर मराठी फाडफाड बोलते, पण माझी वही हातात घेतली की पहिलीतल्या मुलीसारखी अक्षर लावत बसते. मी दोन दिवस तिला शिकवायचा घाट घातला. तिसऱ्या दिवशी ती मला बघून बाथरूममध्ये लपली, तेव्हा सोडून दिलं.

सुशीलाकडचं जेवण म्हणजे दोन गावांचं लग्न. भाकरी आपलीच ज्वारीची, पण तोंडी लावायला ठेच्याऐवजी अंबाडीच्या पाल्याची आंबटढाण चटणी. शेजारणीनं एक दिवस सर्वपिंडी पाठवली. तांदळाच्या पिठात शेंगदाणे, तीळ, मिरची घालून कढईत थापलेलं थालीपीठच ते. आपल्याकडे थालीपिठाला भाजणी लागते, यांच्याकडे सगळं तांदळावर. तांदूळ इथं भातातही असतो, भाकरीतही आणि जिथं आपल्या मनातही येणार नाही तिथंही असतो. हे मला फार उशिरा कळलं.

गल्लीत त्या आठवड्यात सगळीकडे रंगारी चढलेले. राज्याचे दोन तुकडे होऊन नवं राज्य व्हायला थोडेच दिवस राहिले होते. दुकानांच्या पाट्यांवरचं जुनं राज्य खरवडून नवं नाव लिहिणं चाललं होतं. सुशीला गॅलरीतून बघत म्हणाली, "आमच्या सासऱ्यांच्या वेळेला पण असंच झालतं. जुनं हैदराबाद राज्य तीन जागी वाटलं. साहेब त्यांना पुसला, औरंगाबादला जाता का इथंच राहता? ते म्हणले, रेल्वे जिथं हाय तिथं मी हाय. दोनदा राज्य बदललं बघ, पण आमच्या पोस्टमनला काही फरक पडला नाही."

तळ्यावर

बस आणि मग शेअर रिक्षानं तळ्यावर पोचायचं. फाटकातून आत गेलं की शहर एकदम बंद. बाभळीची रांग, दगडी बांध आणि पलीकडे पाणी. उन्हाळ्यानं तळं निम्मं आटलेलं, काठाला गाळाचा काळा पट्टा, त्यात लांब लाल पायांचे शेकाटे चिखलाला पाय लागू नये अशा बेतानं चाललेले. आमच्या पाझर तलावात एवढं पाणी श्रावणातही नसतं. मला थोडा हेवा वाटला.

आम्ही अकराजण होतो. दहा जण कॉम्प्युटरवाले, कोवळे, गळ्यात दुर्बिणी. अकरावी मी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात कापडी पिशवी.

शिकवायला पद्मजा मॅडम होत्या. चाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या, आवाज कधीच न चढवणाऱ्या, माझ्यासाठी हिंदीतून शिकवणाऱ्या. माहेर कृष्णाकाठचं, म्हणजे येऊ घातलेल्या दुसऱ्या राज्यातलं. नोकरीची अठरा वर्षं मात्र याच तळ्यावर गेलेली. कोण कर्मचारी कुठल्या राज्याच्या वाट्याला जाणार याची यादी अजून यायची होती आणि त्याबद्दल त्या एक शब्द बोलत नव्हत्या. मला त्या "टीचर गारू" म्हणायच्या. गारू म्हणजे आपलं "बाई", "साहेब" असं मानाचं. मला आवडायचं ते.

पहिल्या दिवशी शिकलो की पक्ष्याकडे बोट दाखवायचं नाही, तो उडतो. समोर बारा वाजलेत असं धरायचं आणि घड्याळाच्या काट्यानं जागा सांगायची. "दहा वाजता, झुडपाखाली, खंड्या." मला जांभळी पाणकोंबडी दिसली तेव्हा मी घाईनं म्हटलं, "पावणेदोन वाजता." सगळे हसले. पद्मजा मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "टीचर गारू, पक्षी पाव तास थांबत नाही." पण त्यानंतर ती पोरंही "सव्वातीन, सव्वातीन" करायला लागली, तेव्हा माझी भीड चेपली.

दुसऱ्या दिवशी घरट्यांचा नियम सांगितला. घरटं दिसलं तर थांबायचं नाही, खूण करायची नाही, कुणाला सांगायचं नाही. मी तो वहीत लिहिला आणि खाली लाल पेनानं दोन रेघा मारल्या. त्या रेघा आजही वहीत आहेत. मला बघवत नाहीत.

यादगिरी

यादगिरी तळ्याचा राखणदार. साठीचा, काटकुळा, डोक्याला टॉवेल, रोजंदारीवर. पूर्वी तो याच तळ्यात मासे धरायचा. धरणं बंद झालं तेव्हा राखणीवर लागला. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कॉम्प्युटरवाली पोरं पुस्तकात शोधेपर्यंत तो पाठ फिरवून, नुसता आवाज ऐकून पक्षी सांगायचा. त्याला मराठी येत नव्हती, मला तेलुगू. आमचं चालायचं दखनीत, त्याची चांगली, माझी मोडकी.

दुपारी सगळे डबे घेऊन शेडमध्ये बसायचे. तो बाभळीखाली बसायचा, म्हणून मीही तिकडेच जाऊ लागले. त्याच्या डब्यात ज्वारीची अंबली असायची. आपली आंबीलच, फक्त ताक कमी आणि कांदा जास्त. तो झाकणात ओतून मला द्यायचा. मी त्याला दशमी द्यायचे. "मीठी है," म्हणून तो अर्धी घरी नातीला ठेवायचा.

तिसऱ्या दिवशी टिटवी ओरडत आमच्यावरून गेली. मी म्हटलं, "आमच्याकडे ही ओरडली की बाया थू थू करतात. अपशकून."

"हमारे गाव में भी. तीतुवु पिट्टा बोलते. लोगां डरते." त्यानं मान हलवली. "मगर बारिश का उसकूच मालूम."

आणि मी उडालेच. कारण माझे वडील हेच सांगायचे. टिटवीनं अंडी उंचावर घातली तर पाऊस भरपूर, ओढ्याच्या पात्रात घातली तर वर्ष कोरडं. मृगाआधी ते बांधाबांधानं अंडी शोधत फिरायचे आणि मी त्यांच्या मागे. पेरणीचा पहिला अंदाज आमच्या घरात टिटवीवरून निघायचा. शे-सव्वाशे कोस दूर, वेगळ्या भाषेत, हा माणूस तेच बोलत होता. मी विचारलं, "यंदा कुठं घातलीत?"

तो डब्याचं झाकण पुसायला लागला. नियम त्यालाही माहीत होता.

मी सोडेन तर ना. वडिलांचं सांगितलं, शेत सांगितलं, जे आठवलं ते सगळं सांगितलं. म्हटलं, तळ्याची गाईड म्हणून नाही, शेतकऱ्याची मुलगी म्हणून विचारते. शेवटी त्यानं टॉवेल झटकला आणि म्हणाला, "चलो. मगर किसीकू नक्को बोलो."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

बांधाच्या वरच्या अंगाला, मुरमाच्या उघड्या तुकड्यावर, तो एका जागी थांबला आणि नुसती हनुवटी हलवली. मला आधी काही दिसेना. मग एकदम दिसली. चार अंडी, मातकट, काळे ठिपके, टोकं आत करून ठेवलेली. घरटं कसलं, चार खडे बाजूला सारलेली जागा. वडील गेल्याला एकवीस वर्षं झाली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि यादगिरी दुसरीकडे बघत उभा राहिला.

"ऊपर है," तो हळूच म्हणाला. "पानी आता इस साल."

बेगम बाजार

चौथ्या दिवशी दुपारनंतर सुट्टी होती. सुशीला मला बेगम बाजारात घेऊन गेली. मिरच्यांच्या पोत्यांमधून शिंकत आम्ही चाललो होतो. ती पुढे, मी तिच्या पदराला धरून, कारण हातगाडीवाले "बाजू हो अम्मा" म्हणायच्या आधीच चाक पायावर आणतात. डब्यांच्या दुकानात सुशीलानं चिमटे, झारे बघितले, काहीही घेतलं नाही आणि दुकानदाराशी चांगला अर्धा तास भांडली. मला तो अर्धा तास फार आवडला.

इथल्या रांगोळ्या मी रोज सकाळी बघत होते. दार कुठलंही असो, उंबऱ्यासमोर सडा घालून पांढरी शुभ्र रेघोटी असतेच. मुग्गू म्हणतात. आपण सणावाराला काढतो, या बाया रोज काढतात, तेही चहाच्या आधी. म्हटलं, असली पांढरी रांगोळी घरी न्यावी. पुढच्या एका दुकानदारानं दोन किलोची पिशवी बांधून दिली. म्हणाला, "एकदम शुद्ध माल, अम्मा. चींटी-चिडिया भी दुआ देते."

मी हसले. दुकानदाराचं बोलणं, म्हटलं.

पिशवी दुसऱ्या दिवशीही माझ्या कापडी झोळीतच राहिली. जड होती, पण काढायचं राहून गेलं.

बांधावर

पाचव्या दिवशी संध्याकाळी कळलं की सकाळी बांधावर मजूर येणार आहेत. नव्या राज्याचा मोठा फलक लागणार, झेंड्यांसाठी खड्डे खणायचे, गवत काढायचं. तीस-चाळीस माणसं, घमेली, फावडी.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मुरमात ती अंडी मलाच समोर असून दिसली नव्हती. मजुराला काय दिसणार? मॅडमना सांगावं तर यादगिरीनं मला दाखवलं हे उघड होणार, आणि सांगणार नाही असा मी शब्द दिलेला. यादगिरी तेव्हा पलीकडच्या काठाला गेला होता. सहाची बस सुटत होती.

बत्तीस वर्षं मी शाळेत खो-खोचं मैदान फक्कीनं आखलंय. कुठं जायचं नाही हे माणसाला सांगायचं असेल तर पांढरी रेघ मारायची, मग पोरं आपोआप रेघेबाहेर थांबतात. हात झोळीत गेला. टिटवी डोक्यावर गरगर फिरून ओरडत होती. मी तिला म्हटलं, "तुझंच काम करतेय बाई, गप्प बस." दीड हात लांबून चांगलं गोल, ठसठशीत रिंगण काढलं. नियमात सांगू नका होतं, ते मी पाळलं. खूण करू नका होतं, ते मला त्या घडीला आठवलंही नाही. उलट बसमध्ये मी स्वतःवर खूश होते. हे खरं सांगितलंच पाहिजे.

सहाव्या दिवशी सकाळी आम्ही बांधावर चढलो तेव्हा कावळे उडाले. पाच-सहा होते. रिंगण निम्मं टिपून गेलेलं, उरलेल्यावर मुंग्यांची रांग. मध्ये दोन टरफलं आणि मुरमावर पिवळा ओला डाग. अंडी नव्हती. टिटवी दूर एका दगडावर उभी होती. ती ओरडत नव्हती.

पद्मजा मॅडम खाली बसल्या. चिमूटभर पांढरं उचललं, बोटात चोळलं, नाकाशी नेलं. "बिय्यपु पिंडी," त्या म्हणाल्या. "तांदळाचं पीठ."

मला आधी कळलंच नाही. आपली रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, तिला कोण खाणार? मग त्यांनी पोरांना समजावून सांगितलं, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इथल्या जुन्या रीतीत मुग्गू तांदळाच्या पिठाचा घालतात, तो मुद्दाम. मुंगीनं, चिमणीनं, कावळ्यानं तो खावा, दिवसाचा पहिला घास आपल्या दारातून त्यांना जावा, म्हणून. चींटी-चिडिया भी दुआ देते. दुकानदार खरंच सांगत होता.

"कुणीतरी घरट्याभोवती कावळ्यांना पान वाढलंय," मॅडम म्हणाल्या. आणि त्यांनी यादगिरीकडे पाहिलं. मुग्गू इथल्या घराघरातला, आणि घरटं कुठं आहे हे माहीत असणारा माणूस तोच.

यादगिरीला सगळं कळलं होतं. माझ्या झोळीच्या तळाला पांढरं लागलेलं त्याला दिसत होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. टॉवेल हातात घेऊन तो जमिनीकडे बघत राहिला. रोजंदारीचा माणूस. त्याला उद्यापासून येऊ नको म्हणायला कागदसुद्धा लागत नाही.

मी लगेच बोलले असं लिहायला फार आवडलं असतं. पण मी गप्प राहिले. किती वेळ ते माहीत नाही, पण बिल्ल्याचा विचार करण्याइतका वेळ नक्की. मग मला माझीच लाज वाटली.

"मी केलं," मी म्हटलं. "घरटंसुद्धा त्यानं आपणहून दाखवलं नाही. मी हट्ट धरून बघितलं. मजूर तुडवतील म्हणून रेघ मारली."

यादगिरी तेव्हा पहिल्यांदा बोलला, तेही मुरमाकडे बघत. "मजदूरांकू मैं सांप है बोलके बोल दिया था, अम्मा. इधर कोई नै आने वाला था."

म्हणजे त्याची सोय त्यानं आधीच करून ठेवली होती. त्याला विचारण्याइतकं मी थांबले असते तर. करायला गेले एक आणि झालं भलतंच. आमच्याकडे कावळ्याला पान पितरांच्या पंधरवड्यात वाढतात. मी ते मे महिन्यात वाढलं, टिटवीच्या चार पिलांचं.

मॅडम यादगिरीशी तेलुगूत बराच वेळ बोलल्या, बाजूला नेऊन. त्याची नोकरी राहिली. पण त्या दुपारी मी बाभळीखाली गेले तर तो तिथं नव्हता. शेडच्या मागे, भिंतीकडे तोंड करून एकटाच जेवत होता. दशमी तशीच घरी आणली. सुशीलानं ती बघितली आणि डबा माझ्या हातातून घेऊन घासून ठेवला. रात्री माझ्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा मी लहान पोरीसारखी रडले.

शेवटचा दिवस

मला वाटलं होतं, माझी फेरी रद्द होणार. मॅडम म्हणाल्या, "नाही. तुम्ही पाहुण्यांना घेऊन जायचं. आणि त्या जागी थांबून काय झालं ते सांगायचं. तुम्हीच."

वीसेक माणसं होती. कुटुंबं, दोन कॉलेजच्या मुली, काठी घेतलेले एक गृहस्थ. हळदी-कुंकू बदक दाखवलं, त्याच्या चोचीवरची पिवळी-तांबडी टिकली बघून बाया खूश झाल्या. मग बांधावर आलो. मी मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. अंडी, शब्द, रांगोळी, कावळे. काही सोडलं नाही. सांगताना ती जागा हातानं दाखवली. कोणी हसलं नाही. एक बाई हळूच म्हणाली, "आमच्या घरी पण पिठाचाच मुग्गू असतो," आणि आपल्या मुलीचा हात धरून त्या जागेकडे बघत राहिली.

परतताना त्या काठीवाल्या गृहस्थांनी गवतातला एक तपकिरी, छोटा पक्षी दाखवून नाव विचारलं. नाव जिभेवर येऊ बघत होतं, कुठलंही. मी म्हटलं, "मला माहीत नाही. मॅडमना विचारून सांगते." आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. आभाळ कोसळलं नाही. ते "बरं बरं" म्हणून पुढे चालायला लागले.

निघताना पद्मजा मॅडमनी मला बोलावून बिल्ला हातात ठेवला. मी म्हटलं, "मला नको. मी लायक नाही."

त्या पाण्याकडे बघत होत्या. "हिवाळ्यात या, तेव्हा देते, असं म्हणणार होते. पण हिवाळ्यात मी इथं असेन का, मलाच माहीत नाही, टीचर गारू. यादी आली की कृष्णेच्या पलीकडे जावं लागेल कदाचित. म्हणून देऊन ठेवते. लावायचा कधी, ते तुम्ही ठरवा." अठरा वर्षांत त्यांनी तळ्यावरचं प्रत्येक झाड मोठं होताना बघितलं होतं, आणि आता कुठल्या तरी टेबलावर त्यांच्या नावापुढे खूण होणार होती. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

फाटकावर यादगिरी उभा होता. वहीचा कागद फाडून पल्लवीकडून त्यावर माझा फोन नंबर इंग्रजी आकड्यांत लिहून आणला होता, तो मी त्याच्यापुढे धरला. त्यानं घेतला, टॉवेलच्या घडीत खोचला. मी म्हटलं, "येते." आपल्यात जाते म्हणत नाहीत ना. तोही म्हणाला, "जाको आओ." एवढंच. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

सेलू

घरी आले. बिल्ला बांगड्यांच्या डब्यात तळाशी ठेवला आणि कुणाला काही सांगितलं नाही. "मिळाला का?" असं यांनी एकदाच विचारलं. मी "भाजी काय करू?" विचारलं, तेव्हा ते समजायचं ते समजले आणि त्यांनी चिडवणंही सोडलं, ज्याचा मला जास्तच त्रास झाला. रविवारी पोरांबरोबर तलावावर जाऊ लागले. "माहीत नाही, साक्षी, बघ गं पुस्तकात," असं म्हणायला शिकले. उरलेली रांगोळी मात्र दारात रोज थोडी थोडी घातली. मुंग्या येतात, चिमण्या येतात. खाऊ देत.

जून संपता संपता, शनिवारी दुपारी, अनोळखी नंबरवरून फोन आला.

"अम्मा, यादगिरी."

नीट ऐकू यावं म्हणून मी पंखा बंद केला. त्यानं मॅडमचं सांगितलं, यादी अजून यायची आहे, त्या रोज येतात. नवा फलक लागला. मग थोडा थांबून म्हणाला, "तीतुवु फिर बैठी."

"किती अंडी?"

"चार."

"उंच की खाली?"

"बहुत ऊपर, अम्मा. पहले से भी ऊपर. बारिश जोर की है."

माझा जीव भांड्यात पडला. मी काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही. फोनमधून वारा ऐकू येत होता आणि त्यात लांबवर कुठं तरी टिटवी. पुढचा प्रश्न माझ्या जिभेच्या टोकावर होता आणि तो त्याची वाट बघत होता, हे मला चारशे किलोमीटरवरून कळत होतं.

शेवटी तोच म्हणाला, "किधर है, बोलूं क्या?"

"नक्को," मी म्हटलं. "नक्को बोलो, यादगिरी."

तो हसायला लागला. बाभळीखाली हसायचा तसा, खोकला येईपर्यंत. "हौ अम्मा," म्हणाला. "हौ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर निघताना मी बांगड्यांचा डबा उघडला आणि बिल्ला काढून पदराला लावला. हे दाढी करत होते. आरशातूनच बघत म्हणाले, "अरेच्चा, म्हणजे मिळाला होता होय?"

"काल मिळाला," मी म्हटलं, आणि चप्पल घातली.